एका शब्दाची मालकी

स्टेशनातल्या सरकत्या जिन्याला आपण सर्रास 'एस्कलेटर' म्हणतो. पण हा शब्द एके काळी कुणाच्या तरी मालकीचा होता, हे सांगितलं तर चटकन पटायचं नाही.

चार्ल्स सीबर्गर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी पायऱ्या या अर्थाचा लॅटिन 'स्काला' आणि 'एलेव्हेटर' यांची सांगड घालून तो घडवला. १९०० साली अमेरिकेच्या पेटंट कचेरीत त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात जिना गाजला आणि पुढे चिन्ह ओटिस कंपनीकडे गेलं. पेटंटची मुदत संपली की शोध सर्वांचा होतो. चिन्हाचं तसं नाही. नूतनीकरण करत राहिलं तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. आपल्याकडेही २००३ पासून अमलात असलेल्या कायद्यानुसार अर्जाची तपासणी होते, तो जर्नलमध्ये छापला जातो, हरकतीसाठी चार महिने मिळतात आणि मग दहा वर्षांची नोंदणी मिळते. ती कितीही वेळा वाढवून घ्यावी. मात्र सलग पाच वर्षं चिन्ह वापरलंच नाही, तर ते रद्द करून मागता येतं.

न वापरल्यानं चिन्ह मरावं, हे समजण्यासारखं आहे. 'एस्कलेटर' मेलं ते अतिवापरानं! टोलीडोच्या हॉटन एलेव्हेटर कंपनीनं ते रद्द करण्याची मागणी केली. तिचं म्हणणं असं, की हा शब्द आता वस्तूचंच नाव झाला आहे. आणि पुरावा कुणाचा म्हणाल, तर खुद्द ओटिसचा! तिच्या जाहिरातीत 'ओटिस' हे नाव चिन्ह म्हणून मिरवलं होतं, पण 'एलेव्हेटर' आणि 'एस्कलेटर' ही दोन्ही मात्र साध्या सामान्यनामांसारखी शेजारी शेजारी बसवली होती. आपल्या पेटंटांतही कंपनीनं तो शब्द तसाच वापरला होता. मालकच जर व्याकरण विसरला, तर गिऱ्हाइकानं ते का पाळावं? माझ्या मते हॉटननं काही हिरावून घेतलं नाही. ओटिसनं आधीच सोडलेलं तिनं फक्त दाखवून दिलं.

१९५० साली पेटंट कचेरीनं नोंदणी रद्द केली. तेव्हापासून अमेरिकेतला कोणताही कारखानदार आपल्या जिन्याला बिनदिक्कत 'एस्कलेटर' म्हणू लागला. त्या जाहिरातीतलं 'ओटिस' हे नाव तेवढं कंपनीकडे राहिलं.