रिसाला, पलटण आणि तवा

बँकेच्या नोकरीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला 'लोड' हा शब्द नवा नसतो. मार्चअखेरचा लोड असतो, पीककर्जाच्या दिवसांत गर्दीचा लोड असतो, आणि लोडशेडिंग तर मराठवाड्यात जन्मलेल्या माणसाच्या पत्रिकेतच मांडलेलं असतं. पण 'लोडआउट' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या चिरंजीवांच्या तोंडून, आणि तोही माझी बॅग पाहून.

सकाळी साडेनऊची वेळ. मी बँकेत निघालो होतो. चिरंजीव मोबाइलवर बंदूक चालवत होते. त्यांनी मान वर केली (आमच्या घरी ही गोष्ट ग्रहणाइतकी क्वचित घडते), माझ्या फुगलेल्या बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "पप्पा, तुमचा लोडआउट पार चुकलाय."

"काय चुकलंय?"

"लोडआउट. म्हणजे लढाईला जाताना अंगावर न् बॅगेत काय काय घ्यायचं ते. एवढं ओझं घेऊन पहिल्या मिनिटाला मराल तुम्ही."

मी लढाईला नाही, बँकेत चाललोय, असं म्हणणार होतो. पण पासबुक छापून घेणाऱ्यांची रांग डोळ्यांपुढे आली आणि वाक्य तोंडातच राहिलं. बॅगेत काय नव्हतं? डबा, बाटली, भर फेब्रुवारीत छत्री, दोन चष्मे, तीन पेनं (पैकी एक चालू), रक्तदाबाच्या गोळ्या, विम्याच्या जुन्या पावत्या आणि गेल्या आठवड्यातलं एक मोसंबं. आमच्या घराण्यात 'असू दे, लागेल कधीतरी' हा कुळाचार आहे.

संध्याकाळी मी चिरंजीवांना म्हटलं, "शिकव मला." सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि "अहो, तुम्ही पण?" एवढंच विचारलं. त्या तीन शब्दांत बऱ्याच वर्षांचा संसार होता.

खेळ असा. शंभर माणसं विमानातून हवाई छत्रीनं एका बेटावर उतरतात. उतरताना जवळ काही नसतं. घरोघरी शिरून सापडेल ते उचलायचं, समोर येईल त्याला मारायचं, आणि वावरायची जागा मिनिटामिनिटाला आकसत जाते. शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. मला हे सगळं ओळखीचं वाटलं. दिवाळीच्या आदल्या दिवशी आमच्या एसटी स्टँडवर असंच असतं, फक्त हवाई छत्री नसते.

पहिल्या डावात मी कुळाचाराप्रमाणे दिसेल ते उचललं आणि मेलो. चिरंजीवांनी कपाळावर हात मारून घेतला. "पप्पा, तुम्ही बंदूक घेतली एकेएम. तिला ७.६२ची गोळी लागते. आणि बॅगेत भरल्या सगळ्या ५.५६च्या!" म्हणजे खातं एका बँकेत आणि चेकबुक दुसऱ्या बँकेचं. ही चूक मी रोज लोकांना काउंटरवरून समजावून सांगतो.

मग शास्त्रोक्त शिकवणी सुरू झाली. एकेएमचा मार जबरदस्त, पण ती उसळते. नवशिक्यानं एम-४१६ घ्यावी, ती हाताशी राहते. एक बंदूक जवळच्या मारासाठी, दुसरी लांबच्या. पट्टी बांधून जीव ७५ टक्क्यांपर्यंतच भरतो, त्यापुढं मेडकिट लागतं. धुराचे गोळे अडाणी माणूस टाकून देतो आणि जाणता माणूस जपून ठेवतो, कारण मारण्यापेक्षा निसटायची वेळ जास्त येते. बॅगेची जागा ठरलेली. एक वस्तू आत घ्यायची तर दुसरी बाहेर. मी बी.कॉम. झालो तेव्हा मर्यादित भांडवलाचा विनियोग या विषयावर आम्हांला अख्खं वर्ष शिकवलं होतं. चिरंजीवांनी तो अर्ध्या तासात आटोपला. हाच मुलगा वाणिज्य शाखा नको म्हणून रडला होता.

"आणि हे काय?" मी विचारलं.

"तवा. म्हणजे फ्राय पॅन. पाठीला अडकवायचा. मागून गोळी आली तर तव्यावर अडते."

स्वयंपाकघरातून लगेच आवाज आला, "बघा! शेवटी तवाच कामाला येतो."

आता खरं सांगायचं तर, चिरंजीव बोलत होते तेव्हा माझं मन आमच्या गावातच फिरत होतं. हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून वेगळी होऊन जिल्हा झाली, म्हणून लोक तिला नवी समजतात. पण आमच्या गावातले भाग कोणते? रिसाला, पलटण, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा! रिसाला म्हणजे घोडदळ, पलटण म्हणजे पायदळ, तोफखाना म्हणजे तोफखाना. उभं गाव म्हणजेच एक मांडून ठेवलेला लोडआउट. फरक इतकाच की आज रिसाल्यात घोडा नाही, तोफखान्यात तोफ नाही. पेन्शनपुरा तेवढा नावाला जागण्याची शक्यता राखून आहे, आणि माझा डोळा त्याच्यावरच आहे.

ही नावं पडली कशी? निजामाच्या मुलखाची ही वऱ्हाडाकडची कड, म्हणून इथं लष्कराचं ठाणं होतं. हैदराबादचा ब्रिटिश रेसिडेंट हेन्री रसेल यानं १८१३ मध्ये इंग्रजी पद्धतीची फौज उभी केली. फौज निजामाची, अधिकारी इंग्रज आणि पगार निजामानं द्यायचा. या व्यवहाराला आमच्या खात्यात काय म्हणतात ते इथं लिहीत नाही. पगार थकत गेला, कर्ज चढत गेलं, आणि १८५३ च्या तहानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. तारण जप्त होताना मी पुष्कळ पाहिलं, पण अख्खं वऱ्हाड? त्याच तहानंतर ही फौज 'हैदराबाद कंटिंजंट' झाली. पुढं १९०३ मध्ये ती हिंदुस्थानच्या इंग्रजी सैन्यात मिसळली, आमची छावणी उठली, आणि मागं नुसती नावं राहिली.

या कंटिंजंटचं घोडदळ शिलेदारी पद्धतीचं होतं. हा मुद्दा मी चिरंजीवांना मुद्दाम सांगितला. जो स्वारीला येताना स्वतःचा घोडा नि हत्यार घेऊन येतो तो शिलेदार, आणि ज्याला दोन्ही सरकारातून मिळतं तो बारगीर. इंग्रजी अमलातल्या शिलेदाराला बंदूक-काडतुसं तेवढी सरकारी. घोडा, खोगीर, कपडे, चारा सगळं त्याचं त्यानं बघायचं. भरती होताना पदरचे पैसे भरून 'असामी' घ्यायची, नसतील तर कर्ज काढायचं. घोडा मेला तर जवान कंगाल होऊ नये म्हणून सगळ्यांच्या पगारातून चंदा जमा व्हायचा आणि त्यातून नवा घोडा यायचा. थोडक्यात, रिसाल्यातला प्रत्येक स्वार हा आधी खातेदार होता आणि मग लढवय्या. ही पद्धत पुष्कळ वर्षं टिकली. पण पहिल्या महायुद्धात घोडे आणि सामान इतक्या वेगानं खर्ची पडलं की ज्याचं त्यानं आणावं हा हिशोब कोलमडला, आणि १९२१ च्या सुमारास ती मोडीत निघाली.

"म्हणजे पप्पा, मी शिलेदार!" चिरंजीव खूश झाले.

"तू बारगीर," मी म्हटलं, "कारण तुझा घोडा माझ्या खात्यातून येतो." गेल्या महिन्यात माझ्या मोबाइलवरून साडेचारशे रुपये गेले होते. त्या पैशांत त्यांच्या शिपायाला नवा डगला आला होता. डगल्यानं गोळी अडत नाही, नेम सुधारत नाही, नुसता चमकतो. शिवाजी महाराजांच्या फौजेत शिलेदारांपेक्षा बारगिरांवर भर होता आणि मोहिमेला निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी होत असे. परतल्यावर त्या यादीशी ताळा घेत आणि जास्तीचं निघेल ते सरकारजमा करत. ओपनिंग बॅलन्स, क्लोजिंग बॅलन्स! ही गोष्ट शाळेत नीट सांगितली असती तर मी इतिहासात पहिला आलो असतो. छावणीत बायका-बटकी न्यायची नाहीत, हाही दंडक होता. हलकं निघायचं, झपाट्यानं जायचं, पावसाळ्याआधी घरी परतायचं.

आणि याच्या उलट पानिपत. बरोबर जड तोफा, तंबू, बाजारबुणगे, अधिकाऱ्यांचे कुटुंबकबिले आणि उत्तरेची तीर्थं करून यावं म्हणून निघालेले यात्रेकरू. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी तोंडं जास्त. अडकून पडल्यावर दाणागोटा संपला, आणि १४ जानेवारी १७६१ ला उपाशी फौज रणात उतरली. शौर्यात काही उणं नव्हतं. पण एवढा पसारा पाठीशी असताना गनिमी काव्यानं निसटायचं तरी कसं? धुराचे गोळे टाकून देऊन बॅगेत मोसंबं ठेवलं होतं.

हे ऐकून चिरंजीव जरा गप्प झाले. मग म्हणाले, "पप्पा, तुम्ही असं शिकवलं असतं तर मीही इतिहास घेतला असता."

या खेळालाही आता इतिहास आहे. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. आमच्या घरी त्या रात्री चूल पेटली, पण जेवलं कोणी नाही. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' असं नाव घेऊन आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा नाहीसा झाला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. आमच्या छावणीला उठायला नव्वद वर्षं लागली. ही छावणी तीन वर्षांत दोनदा उठली नि दोनदा बसली.

दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे पाटावर कॅल्क्युलेटर आणि चालू असलेलं एक पेन ठेवलं. सौभाग्यवतींनी विळी ठेवली. चिरंजीवांनी हळूच मोबाइल ठेवला. एरवी मी भडकलो असतो. आमच्या हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना. गावाला शस्त्रपूजा शिकवायला नको. मी त्याच्या मोबाइललाही हळदकुंकू लावलं. बोट मात्र जरा थांबलं.

ते का थांबलं हे सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. २०१९ च्या मार्च महिन्यात आमच्याच गावात, खटकाळी बायपासजवळ, रुळांपाशी दोन तरुण मुलं मोबाइलवर हा खेळ खेळत होती. गाडी आली. ती त्यांच्या ध्यानात आली नाही. दोघंही गेली. देशभरच्या पेपरांत तेव्हा हिंगोलीचं नाव छापून आलं. तसं ते कोणाला हवं होतं? त्या दिवशी चिरंजीव घरी यायला पंधरा मिनिटं उशीर झाला. ती पंधरा मिनिटं मी कोणत्या खात्यात टाकू, मला अजून कळलेलं नाही.

गेल्या वर्षी बारावी झाली आणि चिरंजीव शिकायला छत्रपती संभाजीनगरला निघाले. सौभाग्यवतींनी भरायला घेतलं. लाडू, चिवडा, तीन लोणची, हळद (आमच्या वसमतची, तिकडची चालायची नाही), गोधडी, आणि सगळ्यांत खाली तवा. मी काही बोललो नाही. पानिपत काही एकट्या भाऊसाहेबांच्या हातात नव्हतं. चिरंजीवांनी शांतपणे सगळं बाहेर काढलं. लाडू ठेवले, एक लोणचं ठेवलं, गोधडी ठेवली. तवा हातात घेऊन त्यांनी आईकडे पाहिलं आणि परत बॅगेत घातला.

"अरे, मेसमध्ये कशाला लागतोय तवा?" मी विचारलं.

"पाठीला असू दे," तो म्हणाला.

हिंगोली डेक्कन स्टेशनावर गाडीला वेळ होता. सांगायचं तर मला पुष्कळ होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत साठवलेले उपदेश बॅगभर होते. पण बॅगेत जागा ठरलेली असते. मी एकच ठेवला.

"रूळ ओलांडताना, रस्त्यावर चालताना, कानातलं काढत जा. आजूबाजूला बघत जा."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. त्यानं दोन्ही कानांतली बोंडं काढली, खिशात टाकली, आणि गाडी येईपर्यंत आम्ही दोघं शेजारी बसून राहिलो. बोललो फारसं काही नाही. लांबून गाडीचा भोंगा आला तो दोघांनाही एकदमच ऐकू आला.

घरी येऊन मी माझी बॅग रिकामी केली. डबा, गोळ्या, एक चष्मा, एक पेन. मोसंबं टाकून दिलं. छत्री मात्र राहू दिली. कुळाचार एकदम मोडवत नाही.