नवाची कळ

३ एप्रिल १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून मोटोरोला कंपनीचे मार्टिन कूपर यांनीं हातांतील यंत्रावरून दूरध्वनि केला आणि भ्रमणध्वनीचें युग सुरू झालें. घरांतील दूरध्वनीवर एकेक आंकडा फिरवितांच तो केंद्राकडे जात असे. भ्रमणध्वनींत मात्र संपूर्ण क्रमांक आधीं यंत्रांत जुळवावयाचा व मग एक कळ दाबून तो एकदम पाठवावयाचा, अशी योजना झाली. क्रमांक जुळवीत असतां बिनतारी मार्ग विनाकारण अडून राहूं नये, हा तींतील हेतु. पुढें हिरव्या रंगानें ओळखली जाऊं लागली ती हीच कळ.

यंत्र विटेएवढें होतें तोंवर या कळांनीं कोणास त्रास दिला नाहीं. तें लहान होऊन खिशांत शिरलें, आणि किल्ल्या व नाणीं यांच्या दाबानें मालकाच्या नकळत हांका जाऊं लागल्या. म्हणून कळा बंद ठेवण्याची युक्ति निघाली. नोकियाच्या अनेक यंत्रांवर 'मेन्यू' व तारांकित कळ ओळीनें दाबली कीं कळफलकास कुलूप पडे. परंतु त्या कुलपांतहि एक फट मुद्दाम ठेवलेली होती : ११२ हा संकटसमयींचा क्रमांक कुलूप असतांहि लावतां येई.

खरा पेंच याच फटींत होता. अमेरिकेंत कांहीं यंत्रांवर नवाची कळ दाबून धरतांच ९११ या मदत-क्रमांकास हांक जाई. खिशांत दबलेल्या कळांमुळें मदतकेंद्रांकडे निःशब्द हांका येऊं लागल्या. पलीकडे खरोखर कोणी संकटांत आहे काय, हें शोधण्यांत वेळ जाई. तेवढा खऱ्या संकटग्रस्ताचा खोळंबा होई. अखेर ही सोय बंद ठेवावी, असा सल्ला तेथील दळणवळण आयोगानें दिला.

भारतांत उलट घडलें. स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठीं केंद्र सरकारनें २०१६ सालीं नियम केला कीं, १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या साध्या भ्रमणध्वनीवर पांचाची किंवा नवाची कळ दाबून धरतां मदतीची हांक गेली पाहिजे. एका देशानें जी कळ बंद ठेवण्यास सांगितलें, तीच दुसऱ्यानें जागी ठेवण्यास सांगितलें!

दोन्ही आज्ञांचा हेतु मात्र एकच. जिला क्रमांक जुळविण्यास अवसर नाहीं, तिची कळ सहज दबली पाहिजे. जेथें संकट नाहीं, तेथील कळ मुकी राहिली पाहिजे. हा भेद यंत्रास कळत नाहीं. म्हणून कळ बंद करणाऱ्यानें, प्रसंग पडल्यास हांक कशी द्यावयाची, हें घरांतील प्रत्येकास आधीं शिकवून ठेवावें.