लाल औषध आणि हृदयाचा हिशेब

आज एका औषधाचा इतिहास सांगणार आहे. स्तनाच्या कॅन्सरसाठी किमो घेतलेल्या बऱ्याच जणींनी ते पाहिलं असेल. रंगाने लालभडक. त्याचं नाव डॉक्सोरुबिसिन. कागदावर कधी अॅड्रियामायसिन असंही लिहिलेलं असतं. ते घेतल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. तो औषधाचाच रंग असतो, घाबरायचं कारण नाही. या औषधाने कितीतरी जणींचा जीव वाचवला आहे. आणि हेच औषध हृदयाला इजाही करू शकतं. मग ते अजून का देतात? त्याचं उत्तर त्याच्या इतिहासात आहे.

गोष्ट सुरू होते इटलीत. तिथे दक्षिणेकडे आपुलिया नावाचा प्रांत आहे. तेराव्या शतकातला एक अष्टकोनी किल्ला तिथे उभा आहे, कास्तेल देल मोन्ते. १९५०च्या दशकात मिलान शहरातल्या फार्मितालिया या औषध कंपनीचे संशोधक ठिकठिकाणची माती तपासत होते. टीबीचं स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूपासूनच मिळालं होतं, म्हणून ही शोधाशोध. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, तोही याच जातीचे जिवाणू तयार करतात. या किल्ल्याजवळच्या मातीत लाल रंगाचा पदार्थ बनवणारा एक जिवाणू सापडला. त्याच सुमारास फ्रान्समधल्या संशोधकांनाही तोच पदार्थ मिळाला. मग नाव दोघांचं मिळून ठेवलं, डाउनोरुबिसिन. 'डाउनी' ही त्या इटालियन भागातली प्राचीन जमात आणि 'रुबी' म्हणजे माणिक.

१९६०च्या दशकात रक्ताच्या कॅन्सरवर या औषधाचा चांगला गुण दिसला. पण १९६७पर्यंत हेही लक्षात आलं, की काही रुग्णांचं हृदय निकामी होऊन ते दगावताहेत. संशोधकांनी मग त्याच जिवाणूत बदल घडवून नवं औषध मिळवलं. इटलीच्या किनाऱ्याला लागून असलेल्या एड्रियाटिक समुद्रावरून त्याला अॅड्रियामायसिन म्हटलं. ते स्तनाच्या कॅन्सरसह अनेक गाठींवर चाललं. १९७४मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. हृदयाचा धोका मात्र नव्या औषधातही राहिलाच.

इथे दोन वाटा होत्या. औषध फेकून द्यायचं, नाहीतर धोका मोजायचा. डॉक्टरांनी मोजायचं ठरवलं. १९७९मध्ये अमेरिकेत ४,०१८ रुग्णांच्या नोंदी तपासून झाल्या. त्यातल्या ८८ जणांचं हृदय निकामी झालं होतं. सगळ्यात मोठं कारण निघालं एकूण डोस. बचत गटाच्या भाषेत सांगते. हप्ता किती, एवढं पाहून भागत नाही, आजवरची बेरीज पासबुकात पाहावी लागते. या औषधाचंही तसंच आहे. फरक इतकाच, की ही जमा कधी काढून घेता येत नाही. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला एकूण ५५० मिलिग्रॅमच्या पुढे धोका झपाट्याने वाढतो, असं तेव्हा दिसलं. २००३मध्ये सँड्रा स्वेन या डॉक्टर बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा ५५०वरचा धोका आधी वाटला त्याहून बराच जास्त निघाला. म्हणून आता डॉक्टर त्याच्या पुष्कळ अलीकडेच थांबतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये नेहमीची पद्धत ६० मिलिग्रॅम चार वेळा, म्हणजे एकूण २४०.

दुसरा प्रश्न होता, इजा वेळेवर कळणार कशी? १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये मार्गारेट बिलिंगहॅम या डॉक्टर बाई रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूचे बारीकसे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होत्या. दम लागण्याआधीच आतल्या पेशी खराब होऊ लागतात, हे अशा तपासणीत दिसलं. हृदयाच्या पेशी सहसा नव्याने तयार होत नाहीत, त्यामुळे झालेलं नुकसान भरून येणं कठीण. म्हणजे लक्षणांची वाट पाहणं हेच धोक्याचं. आज त्यासाठी तुकडा काढावा लागत नाही, टूडी इकोवर हृदय किती जोराने रक्त ढकलतं ते कळतं.

आणि २०१५मध्ये मिलानमधूनच आशेची बातमी आली. डॉ. दानिएला कार्दिनाले यांच्या गटाने अशी औषधं घेतलेल्या २,६२५ रुग्णांवर लक्ष ठेवलं. सुमारे ९ टक्के रुग्णांच्या हृदयाची ताकद कमी झाली, आणि जवळजवळ सगळ्यांना हा त्रास पहिल्या वर्षातच दिसला. लगेच हृदयाची औषधं सुरू केल्यावर त्यातल्या ८२ टक्के रुग्णांमध्ये सुधारणा झाली. बहुतेकांचं हृदय पूर्ण पहिल्यासारखं झालं नाही, पण सावरलं.

मैत्रिणींनो, या इतिहासातून आपण काय घ्यायचं? भीतीपोटी किमो अर्धवट सोडायची नाही. किमोआधी टूडी इको झाला का, पुढचा कधी, हे डॉक्टरांना विचारायचं. बीपी, शुगर किंवा हृदयाचा जुना त्रास असेल तर आधीच सांगायचा. एकूण किती डोस गेला तो कागद जपून ठेवायचा. आजार उलटला आणि दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं, तर तिथले डॉक्टर आधी हाच आकडा विचारतील. आणि किमोनंतर महिन्यांनी, अगदी वर्षांनीही, जिना चढताना धाप लागली, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम कोंडला, तर 'अशक्तपणा असेल' म्हणून घरात बसायचं नाही. दवाखान्यात जायचं आणि 'मी लाल किमो घेतली आहे' हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

पैशाचा हिशेब आपण चोख ठेवतो. हाही तसाच ठेवूया.