चकली की चिवडा? जास्त नफ्याचं गणित आलेखावर कसं सुटतं?

ज्या पदार्थावर जास्त पैसे सुटतात, तोच जास्त बनवायचा, असं कुणीही सांगेल. पण माणसं आणि शेगड्या मोजक्याच असतील तर? अशा वेळी मॅनेजमेंट अकाउंटिंगमध्ये लिनियर प्रोग्रामिंग वापरतात. बारावीच्या गणितात अनेकांनी हा धडा केलेला असतो. धंद्यात तो नेमका कसा उपयोगी पडतो, ते एका काल्पनिक उदाहरणातून समजून घेऊया.

उदाहरण काय आहे?

एक बचत गट दिवाळीचा फराळ विकतो. कच्चा माल, तेल आणि गॅसचा खर्च वजा केल्यावर १० किलो चकलीमागे ६०० रुपये आणि १० किलो चिवड्यामागे ४०० रुपये उरतात. याला कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. मजुरी रोजची ठरलेली आहे, म्हणून ती यात धरलेली नाही.

१० किलोच्या एका बॅचला लागणारा वेळ असा:

- चकली: ३ तास मजुरी, १ तास शेगडी
- चिवडा: १ तास मजुरी, १ तास शेगडी

चार जणी रोज ६ तास काम करतात, म्हणजे मजुरीचे २४ तास. दोन शेगड्या ६ तास चालतात, म्हणजे शेगडीचे १२ तास. जेवढं बनेल तेवढं विकलं जातं, असं धरू.

आलेख कसा काढायचा?

चकलीच्या बॅच क्ष आणि चिवड्याच्या य मानू.

- मजुरी: ३क्ष + य ≤ २४
- शेगडी: क्ष + य ≤ १२

आडव्या अक्षावर चकली, उभ्या अक्षावर चिवडा घ्या. मजुरीची रेषा चकलीच्या ८ आणि चिवड्याच्या २४ या बिंदूंना जोडते. शेगडीची रेषा दोन्हीकडे १२ ला टेकते. दोन्ही रेषांच्या आतला भाग म्हणजे शक्य असलेले सगळे पर्याय.

सारखंच कॉन्ट्रिब्युशन देणारे पर्याय एका सरळ रेषेवर येतात. ती रेषा बाहेर सरकवत नेली, की शेवटी या भागाच्या कोपऱ्याला टेकते. म्हणून फक्त कोपरे तपासले तरी पुरतं:

- फक्त चकली (८, ०): ४,८०० रुपये
- फक्त चिवडा (०, १२): ४,८०० रुपये
- दोन्ही (६, ६): ६,००० रुपये

म्हणजे नुसती 'महागडी' चकली करत बसलं, तर रोज १,२०० रुपये हातचे जातात.

जादा तासाला किती पैसे द्यायचे?

मजुरीचा एक तास वाढवून २५ केला, तर उत्तर ६,१०० रुपये येतं. शेगडीचा एक तास वाढवला, तर ६,३०० रुपये. या वाढीला शॅडो प्राइस म्हणतात. म्हणजे जादा कामाच्या तासाला १०० रुपयांपेक्षा जास्त देणं तोट्याचं आहे. शेगडी मात्र तासाला ३०० रुपयांपर्यंत भाड्याने घेतली तरी परवडते. खरी अडचण कुठे आहे, तेही इथेच कळतं.

हा दर कायम राहत नाही. मजुरीचे तास ३६ च्या पुढे गेले, की शेगड्या पूर्णपणे चकलीतच गुंततात आणि आणखी माणसं आणून काहीच वाढत नाही.

पदार्थ तीन असतील तर?

कागदावरच्या आलेखाला दोनच अक्ष असतात, त्यामुळे ही पद्धत दोन पदार्थांपुरतीच सोयीची. त्यापुढे जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये शोधलेली सिम्प्लेक्स पद्धत किंवा एक्सेलमधलं सॉल्व्हर वापरतात.