लाकूड, धान्य आणि मणिकर्णिका

‘एज ऑफ एम्पायर्स २’चा डाव सुरू होतो तेव्हा बहुतेकदा खेळणाऱ्याच्या हाती एक नगरकेंद्र, तीन गावकरी आणि एक टेहळणीचा घोडेस्वार असतो. कोठारात २०० धान्य, २०० लाकूड, १०० सोने, २०० दगड. आजूबाजूचा नकाशा काळाठिक्कर. नवखा माणूस इथे पहिली गोष्ट काय करतो, तर फौज उभी करायला धावतो. चार-पाच भालाईत घेऊन तो शत्रूच्या वेशीपर्यंत पोहोचतो, तोवर समोरच्याकडे त्याच्या दुप्पट गावकरी झालेले असतात. डाव तिथेच संपलेला असतो. हरणाऱ्याला ते कळायला आणखी वीस मिनिटे लागतात, इतकेच.

पेशवेकालीन पत्रांची इंग्रजी भाषांतरे करणे हा माझ्या कामाचा एक भाग आहे. खेळ मला भाच्याने शिकवला. इंटरनेटवरून अनोळखी लोकांशी खेळताना जे धडे मिळाले ते पत्रे वाचताना उपयोगी पडू लागले. काशीच्या बाबतीत मात्र, विशेषतः मणिकर्णिका घाटाच्या बाबतीत, ते पार निरुपयोगी ठरले. दोन्ही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिला धडा: नगरकेंद्र रिकामे बसू द्यायचे नाही. एक गावकरी ५० धान्यात आणि २५ सेकंदांत तयार होतो. मिनिटभर दुर्लक्ष झाले की दोन माणसे कायमची कमी. २५ लाकडाच्या घरात पाच माणसांची सोय होते. घर बांधायचे राहिले की जन्मच थांबतात. कळफलकावरचे ‘एच’ दाबले की नगरकेंद्र निवडले जाते आणि पूर्णविराम दाबला की कुठे तरी हात बांधून उभा राहिलेला गावकरी सापडतो. नवशिक्याने या दोन कळा आधी बोटात बसवाव्यात, लढाईच्या युक्त्या मागाहून. सुरुवातीची माणसे धान्यावर लावायची, मेंढ्या, बोरीची झुडपे, रानडुकरे; मग थोडी थोडी लाकडावर. शेतसुद्धा ६० लाकडांशिवाय होत नाही. पुढच्या युगात जायला ५०० धान्य लागते, त्याच्या पुढच्याला ८०० धान्य आणि २०० सोने. तलवारीचा प्रश्न त्यानंतरचा.

हे वाचून कुणाला रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ आठवले तर नवल नाही. त्यात किल्ल्यांइतकीच सावकारांची चिंता आहे, आणि आरमाराच्या लाकडासाठी आंबा-फणस सरसकट तोडू नयेत, रयतेने ती झाडे वर्षानुवर्षे जपलेली असतात, अशी ताकीद आहे. खेळातली झाडे तोडली की परत उगवत नाहीत, एवढा एक मुद्दा अमात्यांना पटला असता. आपण शाळेत लढाया शिकतो. पत्रांत मात्र पानोपान पैसा, दाणावैरण आणि कर्ज. ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिताना बाजीराव सावकारांच्या तगाद्याने टेकीला आलेला दिसतो. भाषांतराच्या कामाच्या सुरुवातीला या मजकुरावरून डोळे भरभर पुढे सरकत. आता तिथेच थांबतात.

दुसरा धडा: किल्ल्यावर धडकण्यापेक्षा शत्रूचे लाकूडतोडे उधळणे स्वस्त पडते. चार घोडी जंगलाच्या कडेला सोडली की समोरच्याचे सगळे गणित कोलमडते. १७२८ मध्ये पालखेडला निजामाचे पाणी आणि रसद तोडून बाजीरावाने मुंगी-शेवगावचा तह पदरात पाडला, तो याच जातीचा डाव. पानिपतावर तो आपल्यावर उलटला. १७ ऑक्टोबर १७६० रोजी भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतले, तिथे धान्य मिळाले. आठवडा उलटतो न उलटतो तोच अब्दालीने बागपतला यमुना ओलांडली आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. दुआबात त्याची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला जे सैन्य रणात उतरले ते उपाशी होते.

खेळात माणसांची कमाल मर्यादा सहसा २०० असते आणि त्यात गावकरी व शिपाई एकत्र मोजले जातात. पानिपताच्या छावणीकडे पाहताना ही मर्यादा सारखी आठवते. तिथे लढणाऱ्यांबरोबर बायका-मुले, बाजारबुणगे आणि उत्तरेची तीर्थे पाहायला निघालेले यात्रेकरू होते. खेळणारा म्हणेल, अशा माणसांना सोबत घेणे हीच चूक. पण फौजेच्या आडोशाने गंगेपर्यंत जाता येईल, ही त्या लोकांची आशा समजून घेतल्याशिवाय मराठ्यांचे उत्तरेतले राजकारण समजत नाही.

कारण काशी पेशव्यांना हवीच होती. १७५९ च्या पत्रांत नानासाहेब दत्ताजी शिंद्यांना सांगतात की सुजाउद्दौल्याकडून काशी, प्रयाग ही क्षेत्रे सोडवून घ्यावीत. पुढच्याच वर्षी सुजा अब्दालीला मिळाला. १७७५ मध्ये अवधच्या नबाबाने बनारस कंपनीला देऊन टाकले. मराठ्यांचा अंमल काशीवर कधीच बसला नाही. खेळाच्या हिशेबाने शून्य गुण.

आता मणिकर्णिका घाटावर उभे राहून पाहा. चिता अहोरात्र पेटलेल्या असतात. मागे लाकडांच्या राशी, होड्यांतून उतरवलेल्या. प्रेतासाठी लाकूड तराजूवर तोलून मिळते. १७३५ च्या सुमारास बाजीरावाच्या वतीने सदाशिव नाईक जोशी इथल्या घाटांच्या कामाविषयी पुण्याला लिहीत होते. त्याच वर्षी बाजीरावाची आई राधाबाई तीर्थयात्रेला निघाली. मुलाचे मोगलांशी युद्ध चालू असताना ही बाई उदेपूर, जयपूर करत बादशाही मुलखातून काशी-गयेला गेली आणि १७३६ मध्ये सुखरूप परतली. वाटेत सवाई जयसिंहाने तिचा पाहुणचार केला. खेळात टेहळ्याचा घोडेस्वार शत्रूच्या बुरुजाजवळ गेला की बाण सुटतात. एका म्हातारीची पालखी कुठून कुठून जाऊ शकते, याची सोय तिथे नाही.

पुढे अहिल्याबाईंनी मणिकर्णिका घाट दगडात बांधून काढला आणि १७८० मध्ये विश्वनाथाचे मंदिर उभे केले. मुलूख आपला नाही, शहरात आपला शिपाई नाही. खेळातही दुसऱ्याच्या दारात बांधकाम करता येते, पण ते बुरुजाचे किंवा किल्ल्याचे, म्हणजे धमकीचे. आणि ते पाडले जाते. ‘आश्चर्य’ नावाची एक भव्य इमारत असते, लाकूड, दगड, सोने प्रत्येकी १००० लागते. ती खेळातली २०० वर्षे टिकवली की काही प्रकारच्या डावांत मालक जिंकतो. म्हणून ती आपल्या तटाच्या आत बांधायची आणि सगळी फौज तिच्याभोवती उभी करायची. अहिल्याबाईंच्या घाटावर कोण जिंकते?

मला वाटते अडचण खजिन्याची आहे. खेळात कोठार एकच. धान्य, लाकूड, सोने, दगड, जे काही मिळेल ते शेवटी युद्धालाच. होळकरांच्या घरात खजिने दोन होते: दौलत आणि खासगी. दौलतीचा पैसा राज्याला आणि फौजेला. खासगी जहागिरीचे उत्पन्न घरच्या बायकांकडे. अहिल्याबाईंचे घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे या खासगीतून झाली. ‘खासगी’ या शब्दाला इंग्रजीत प्रतिशब्द शोधताना मी दमले आहे. ‘प्रायव्हेट’ म्हटले की तो पैसा एका व्यक्तीचा वाटतो, आणि तो तसा नव्हता. हा दुसरा खजिना न मोजता मराठ्यांच्या उत्तरेतल्या कारभाराचा ताळेबंद मांडणारे इतिहासकार मला खेळ बनवणाऱ्यांच्याच पंगतीतले वाटतात.

ज्यांना खेळायचे आहे त्यांच्यासाठी थोडे उरले आहे. या खेळात मराठे नाहीत. त्याचा काळ मध्ययुगापाशी थांबतो. २०२२ च्या ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ या भरीत बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले, आणि जुन्या ‘इंडियन्स’चे ‘हिंदुस्तानी’ झाले. नवशिक्याने हिंदुस्तानी घ्यावेत, त्यांचे गावकरी स्वस्त आहेत. आधी ‘आर्ट ऑफ वॉर’ हे सरावाचे डाव पुरे करावेत, मग अनोळखी लोकांशी खेळावे. सर्वांची सुरुवात १००० गुणांवर होते. पहिले दहा-बारा डाव हरून गुण खाली येतात, आणि मग आपल्याच तोडीची माणसे समोर येऊ लागतात. हरल्यावर डाव परत पाहता येतो; नगरकेंद्र किती वेळ रिकामे होते ते मोजावे.

आणि बनारसला गेलात तर मणिकर्णिकेच्या शेजारी सिंधिया घाट आहे. १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांनी तो इतका जड बांधला की स्वतःच्याच भाराने गंगेत खचला. तिथले रत्नेश्वराचे देऊळ अजून कललेले आहे, आणि पावसाळ्यात त्याच्या गाभाऱ्यात पाणी असते.