विजेला पत्ता कळत नाही

१८४५ साली वेबर बंधूंनी, म्हणजे अर्न्स्ट आणि एडुआर्ड या जर्मन शास्त्रज्ञांनी, प्राण्यांच्या एका मज्जातंतूला वीज दिली आणि धडधडतं हृदय मंदावलं. तोवर समज असा होता की मज्जातंतू चेतवला की अवयव कामाला लागतो. इथे उलटंच घडलं. हा मज्जातंतू म्हणजे व्हेगस. मेंदूच्या तळातून निघून तो घसा, हृदय, फुफ्फुसं, पोट असा हिंडतो. लॅटिनमध्ये त्याच्या नावाचा अर्थच ‘भटका’.

पण व्हेगस ही एक तार नाही. ती हजारो तंतूंची जुडी आहे. जाड तंतू, बारीक तंतू, प्रत्येकाचं काम वेगळं. मग बाहेरून दिलेली वीज त्यातल्या कोणाला जागं करते?

याचं उत्तर १९२०च्या दशकात अमेरिकेत, सेंट लुईसमध्ये मिळू लागलं. जोसेफ अर्लांगर आणि हर्बर्ट गॅसर यांनी कॅथोड किरणांच्या नळीवर मज्जातंतूतला संदेश पाहिला. एकच झटका दिला होता, पण पडद्यावर उंचवटे अनेक. मॅरेथॉनमध्ये सगळे एकदम सुटतात आणि पुढे पुढे विखुरतात, तसंच. त्यातून ए, बी, सी असे गट पडले. सर्वांत जाड ए तंतूंतला संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो. आवरण नसलेल्या बारीक सी तंतूंत जेमतेम एखादा मीटर. आणि जाड तंतू कमी विजेवर जागे होतात, बारीक तंतूंना बरीच जास्त लागते. १९४४चं नोबेल दोघांना मिळालं.

म्हणजे विजेला पत्ता कळत नाही, फक्त जाडी कळते.

हे पुढे माणसांच्या गळ्याशी आलं. १९८८मध्ये अमेरिकेत औषधांना न जुमानणाऱ्या अपस्माराच्या रुग्णाला पहिल्यांदा व्हेगससाठी यंत्र बसवलं गेलं. छातीच्या कातडीखाली पेसमेकरसारखी डबी, मानेतल्या डाव्या व्हेगसला गुंडाळलेली तार. डावीच, कारण हृदयाचा ठेका धरणाऱ्या गाठीवर उजव्या व्हेगसचा ताबा जास्त. नेहमीची लय अशी: ३० सेकंद वीज, ५ मिनिटं विश्रांती. १९९७मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने मान्यता दिली.

रुग्णांचा आवाज मात्र घोगरा होऊ लागला. सेंट लुईसचा हिशेब इथे लागू पडतो. स्वरयंत्राच्या स्नायूंकडे जाणारे तंतू जाड, म्हणून ते आधी जागे होतात. हृदय मंदावणारे बी तंतू त्यानंतर. सी तंतू सगळ्यांत शेवटी.

सुरुवातीच्या काही प्रयोगांवरून वाटत होतं की फिट रोखण्याचं काम सी तंतूच करतात. तसं असतं तर वीज इतकी वाढवावी लागली असती की घसा आणि हृदय दोन्ही वेठीला धरले गेले असते. २००१मध्ये संशोधकांनी उंदरांचे सी तंतू कॅप्सेसिनने, म्हणजे मिरचीतल्या तिखटाने, निकामी केले. तरीही व्हेगसला वीज दिल्यावर फिट दबल्याच. सी तंतूंवाचून काम भागत होतं. मान्यता मिळून तेव्हा ४ वर्षं झाली होती: उपाय आधी हाती आला, त्यामागचं कारण मागून येत राहिलं.

घशाचा प्रश्न मात्र उरलाच. म्हणून डॉक्टर वीज हळूहळू वाढवतात आणि रुग्णाला सोसेल तिथे थांबतात. रुग्णाकडे एक लोहचुंबकही असतो. फिट येतेय असं वाटलं की तो डबीवरून फिरवायचा, जादा वीज मिळते. आणि गायचं असेल किंवा चारचौघांत बोलायचं असेल, तर तोच चुंबक छातीवर धरून ठेवायचा. वीज तेवढ्यापुरती थांबते, आवाज परत आपला होतो.