पिचरची उंची आणि डॉजर्सचा फसलेला सौदा

नोव्हेंबर १९९३. लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाने पेद्रो मार्टिनेझ हा २२ वर्षांचा पिचर मॉन्ट्रियल एक्सपोज संघाला देऊन टाकला आणि बदल्यात डेलायनो डीशील्ड्स हा सेकंड बेसमन घेतला. पेद्रोची उंची ५ फूट ११ इंच, अंगकाठी किडकिडीत. सामन्याच्या प्रारंभापासून चेंडू टाकण्याचा भार या देहाला हंगामभर पेलवणार नाही, असे व्यवस्थापक टॉमी लसोर्डा यांचे मत होते. त्याच संघातला पेद्रोचा थोरला भाऊ रामोन मात्र ६ फूट ४ इंचांचा पिचर!

लसोर्डांचे मत निव्वळ पूर्वग्रह नव्हते. माउंड आणि होम प्लेट यांतील अंतर ६० फूट ६ इंच. लांब हातापायांचा पिचर चेंडू फलंदाजाच्या अधिक जवळून सोडतो. फलंदाजाला विचार करायला तेवढा कमी अवधी मिळतो. (क्रिकेटमधील उंच गोलंदाजाला मिळणारी उसळी इथे नाही, चेंडू टप्पा न पडताच येतो.) ६ फूट १० इंच उंचीच्या रँडी जॉन्सनने ४,८७५ स्ट्राइकआउट मिळवले, ते उगाच नव्हे.

पेद्रोजवळ मात्र वेगाच्या जोडीला चेंज-अप होता. हाताची झेप तीच, चेंडू मात्र संथ; फलंदाजाची बॅट आधीच फिरून जाई. १९९७, १९९९ आणि २००० या तिन्ही वर्षी त्याला साय यंग पुरस्कार मिळाला. २००० साली अमेरिकन लीगमधील पिचर दर नऊ डावांमागे सरासरी जवळपास पाच धावा देत असताना बॉस्टनकडून खेळणाऱ्या पेद्रोची सरासरी होती १.७४.

शंका पूर्णपणे खोटीही ठरली नाही. २००१ मध्ये त्याचा खांदा दुखावला. कारकिर्दीत त्याने टाकलेले डाव सुमारे २,८००; जॉन्सनचे ४,१०० हून अधिक.

तरीही मेजर लीगमधील उंच पिचरांची गर्दी हा उंचीच्या महत्त्वाचा पुरावा मानणे घाईचे आहे. निवडणाराच उंची पाहून निवडत असेल, तर बुटके खेळाडू त्या आकडेवारीत येणार कुठून? ५ फूट ६ इंचांच्या बॉबी शँट्झने १९५२ मध्ये २४ सामने जिंकून अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवला होता. डॉजर्सच्या निर्णयाच्या चार दशके आधीचे हे उदाहरण!

२०१५ मध्ये पेद्रो आणि जॉन्सन यांना एकाच दिवशी हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. दोघांच्या उंचीत ११ इंचांचे अंतर होते.